वहिवाट

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली ही पतसंस्था. दहा-बारा संगणक, एक सर्व्हर, सोनेतारणाची जुनी जाडजूड तिजोरी आणि संगणकांची देखभाल करणारे तात्या. तात्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सारं आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे एक सवय त्यांच्या अंगात मुरली होती. कुठलीही जोडणी करण्याआधी ती कुठून निघते आणि कुठे पोचते हे कागदावर काढून पाहायचं, मगच हात लावायचा.

२०१३ च्या दिवाळीच्या सुट्टीत तात्यांनी कार्यालय उघडून घेतलं आणि प्रत्येक संगणकावर एक नियम बसवला. कारण तसंच होतं. त्या सप्टेंबरात क्रिप्टोलॉकर नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरू लागला होता. ई-मेलमधून एक झिप फाइल यायची. आत बिलाची पीडीएफ असल्यासारखं चित्र दिसायचं, पण फाइल असायची एक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवत असल्याने वाचणाऱ्याला तो फरक कळायचा नाही. एकदा उघडली की ती आपली प्रत वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात टाकायची, तिथून चालायची आणि सगळ्या कागदपत्रांना कुलूप घालून ७२ तासांत ३०० डॉलर मागायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्वॉन्सी गावच्या पोलिसांनी त्याच नोव्हेंबरात आपल्या फायली सोडवण्यासाठी दोन बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ७५० डॉलर भरले. पोलिसांनीच खंडणी भरली, ही बातमी तात्यांनी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

तात्यांचा नियम समजायला विंडोजच्या घडणीतली एक गोष्ट माहीत हवी. या संगणकात दोन तऱ्हेच्या जागा असतात. 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांत साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. तिथे काही नवं ठेवायचं किंवा असलेलं बदलायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो. दुसरी जागा वापरकर्त्याची स्वतःची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि सहसा डोळ्यांना न दिसणारा ॲपडेटा. तिथे पासवर्डाशिवाय काहीही लिहिता येतं आणि ते यायलाच हवं, नाहीतर माणसाने आपलं पत्र ठेवायचं कुठे? पण या दुसऱ्या जागेतली फाइल चालवायलाही विंडोज आपण होऊन मनाई करत नाही, फार तर एखादा इशारा दाखवतं. ब्राउझरने उतरवलेली, मेलमधून आलेली, दुसऱ्या प्रोग्रॅमने गुपचूप टाकलेली एक्सई तिथे पडते आणि पडल्या जागेवरून चालू लागते.

तात्यांनी ही मुभा काढून घेतली. तेव्हा विंडोजमध्येच असलेलं सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी नावाचं साधन त्यांनी वापरलं, त्याला एक पैसाही पडला नाही. जिथे माणसाला लिहिता येतं तिथून काही चालणार नाही आणि जिथून चालतं तिथे साध्या माणसाला लिहिता येणार नाही, एवढाच त्यांचा नियम. बसवताना बारीकसारीक खाचाखोचा निघाल्याच. पहिल्या दिवशी डेस्कटॉपवरचे शॉर्टकटही उघडेनात, कारण हे साधन शॉर्टकटलाही प्रोग्रॅम समजत होतं. तो प्रकार यादीतून काढावा लागला. खुद्द विंडोजच्या फोल्डरात टेम्पसारखे काही कप्पे असे निघाले की त्यांत कोणालाही लिहिता येतं. ते शोधून वेगळे बंद करावे लागले. सुट्टी त्यातच संपली.

हे तत्त्व तात्यांचं नव्हे. संगणकशास्त्रात ते जुनं आणि सन्मानाचं आहे. २००३ साली ओपनबीएसडी या प्रणालीने मेमरीपुरता हाच दंडक घातला, की मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येतं ते पान चालवता येणार नाही. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीनेही त्या दिशेने पाऊल टाकलं. काही लिनक्सवाले घरच्या फोल्डरांना 'नोएक्झेक'ची, म्हणजे इथून काही चालवायचं नाही अशी अट घालतात ती याच विचाराने. हल्लेखोराला दोनच गोष्टी हव्या असतात. आपला कोड ठेवायला जागा आणि तो चालवायची मुभा. दोन्ही एकाच ठिकाणी मिळू द्यायच्या नाहीत, एवढी साधी खबरदारी निम्म्याहून जास्त दुखणी दारातच थांबवते असं माझं ठाम मत आहे.

नियमाची पहिली तक्रार केली अक्कांनी. अक्का संस्थेतल्या सर्वांत जुन्या लिपिक, किर्द-खतावणी हाताने लिहिण्याच्या काळापासूनच्या.

"तात्या, पोराच्या संगणकावर नवा ब्राउझर पासवर्ड न मागता बसला. इथंच काय अडतंय?"

"घरी त्यानं पासवर्ड मागितला नाही, कारण जिथं तो लागत नाही अशा जागेत तो जाऊन बसला, अक्का."

"मग चांगलंच की. कुणाला त्रास नाही."

"त्रास नाही, तसं कुणाला पत्ताही नाही. मला दोन दिवस द्या, मी बसवून देतो."

आणि त्यांनी दिला. २००८ साली क्रोम आला तेव्हा तो वापरकर्त्याच्याच फोल्डरात मुक्काम ठोकायचा. पण २०१० च्या डिसेंबरात गूगलने कार्यालयांसाठी वेगळा सेटअप काढला. तो ॲडमिनने एकदा चालवायचा, ब्राउझर प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसतो आणि सगळ्यांना वापरता येतो. तात्यांनी तो आणून बसवला. अक्कांना ब्राउझर मिळाला आणि नियमालाही धक्का लागला नाही. जवळपास दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं. या दोन वर्षांत काय काय अडवलं गेलं हे फक्त संगणकाच्या नोंदवहीत होतं. ती तात्या दर सोमवारी वाचायचे. बाकी कोणालाही वाटायचं की काही होतच नाही, मग हा नियम कशासाठी?

२०१५ च्या पावसाळ्यात तात्यांची बायपास झाली. काम त्यांच्या भाच्याकडे आलं. बीसीए झालेला, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून आलेला मुलगा. हुशार, कामसू, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. माणूस म्हणून हा गुण असेल, संगणकाच्या चाव्या सांभाळणाऱ्याला तो झेपत नाही.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या फेडरेशनने कळवलं की यापुढे निरोप आणि बैठका एका नव्या सॉफ्टवेअरवरून होतील. सेटअप उतरवला, दोनदा क्लिक केलं, तर नियमाने अडवला. भाच्याने प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवायचा पर्याय शोधला. तो नव्हताच. या सॉफ्टवेअरला प्रत्येक वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या 'लोकल' फोल्डरातच राहायचं होतं. बनवणाऱ्यांनी आपल्या जाहिरातीत हे कौतुकाने लिहिलं होतं, की आयटी विभागाची परवानगी लागत नाही, एका मिनिटात सुरू.

भाच्याने एक अपवाद लिहिला. त्या प्रोग्रॅमच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता देऊन तेवढ्याला मुभा. इथवर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आठवड्याभरात सॉफ्टवेअरने स्वतःला अद्ययावत केलं आणि त्या जातीच्या सॉफ्टवेअरची रीतच अशी की प्रत्येक नवी आवृत्ती नव्या नावाच्या फोल्डरात बसते, नावात आवृत्तीचा आकडा असतो. पत्ता बदलला, अपवाद लागू होईना. अकरा वाजता फेडरेशनची बैठक आणि मॅनेजरसाहेब खुर्चीतून ओरडताहेत. भाच्याने पत्त्याच्या शेवटी आकड्याऐवजी फुली टाकली, म्हणजे त्या फोल्डराखालचं काहीही चालेल. पुढच्या वेळी कळलं की नवी आवृत्ती आधी स्वतःला तिसऱ्याच एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, मग बसते. तोही अपवाद लिहिला. मग वसुली विभागाला फाइल पाठवायचं एक सॉफ्टवेअर हवं झालं, तेही तिथेच राहणारं. मग संचालकांपैकी एकाने सुचवलेलं आणखी एक. प्रत्येकाचे दोन-दोन, तीन-तीन अपवाद, आणि दर महिन्याला त्यातला एखादा मोडलेला.

जानेवारी २०१६ मध्ये एका संध्याकाळी भाच्याने ती सगळी लांबलचक यादी पुसली आणि तिच्या जागी एकच ओळ लिहिली. ॲपडेटामधल्या लोकल फोल्डराखाली जे काही असेल ते चालू द्यावं. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी बंद झाल्या. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. मामांना त्याने सांगितलं नाही. डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याला ताप देऊ नका म्हणून बजावलं होतं.

त्या वर्षी मार्चअखेरीला सुट्ट्यांची माळ लागली होती. गुरुवारी धुळवड, शुक्रवारी गुड फ्रायडे, मग चौथा शनिवार आणि रविवार. सोमवारी, २८ मार्चला, कार्यालय उघडलं तेव्हा वर्षअखेरीला चार दिवस उरले होते आणि सगळ्यांच्या माना टेबलावर खाली होत्या. अक्कांच्या मेलमध्ये एक बिल आलं होतं. वर्षअखेर म्हटल्यावर छपाईवाला, स्टेशनरीवाला, जनरेटरवाला, सगळ्यांचीच बिलं येतात. सोबत वर्डची फाइल. उघडली तर आत सगळी खिचडी, एकही अक्षर ओळखू येईना. वर इंग्रजीत सूचना होती, की मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी अक्कांनाच मूर्ख ठरवलं. मराठीत संगणकावर काम केलेल्या पिढीला खिचडी दिसणारी फाइल नवी नाही. युनिकोड रुळण्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं प्रत्येक कार्यालयाचा फाँट निराळा होता. समोरच्याकडे तो फाँट नसला की अर्ज, ठराव, इतिवृत्त, सगळं अगम्य चिन्हांत दिसायचं. मग काहीतरी बटण दाबायचं, फाँट बदलायचा, आणि मजकूर प्रकट व्हायचा. अक्कांनी वीस वर्षं हेच केलं होतं. त्यांनी पिवळ्या पट्टीवरचं बटण दाबलं.

ती फाइल लॉकीची होती. हा खंडणीखोर फेब्रुवारी २०१६ च्या मध्यात जगात पहिल्यांदा दिसला आणि काही आठवड्यांत सगळीकडे पोचला. वर्डमधला मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्रॅम, स्वतः कुलूप घालत नाही. तो फक्त इंटरनेटवरून खरा एक्सई प्रोग्रॅम उतरवतो, वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरात ठेवतो आणि तिथून चालवतो. तात्यांचा नियम मॅक्रोला अडवू शकला नसता. मॅक्रो वर्डच्या पोटात चालतो आणि वर्डला मुभा होतीच. पण टेम्पमध्ये पडलेली एक्सई मात्र जागच्या जागी थिजली असती.

अक्कांच्या पडद्यावर पंधरा-वीस मिनिटं काहीच घडलं नाही. मग डेस्कटॉपचं चित्र बदललं आणि इंग्रजी मजकुराचा काळा पडदा आला. फायलींची नावं जाऊन त्या जागी आकड्या-अक्षरांची माळ आणि शेवटी 'लॉकी'. भाचा धावत आला, त्याने सर्व्हरची केबल उपटली. तोवर सामायिक फोल्डरातली कर्जप्रकरणं, सभासदांची केवायसी, इतिवृत्तं आणि ताळेबंदाचा कच्चा मसुदा, जवळपास सगळं गेलं होतं. ॲडमिनचा पासवर्ड कोणी मागितला नाही, कोणी फोडला नाही. गरजच पडली नाही. अक्कांना जे जे लिहिता येत होतं ते ते अक्कांच्याच अधिकारात नव्याने लिहिलं गेलं. अँटिव्हायरस होता, अद्ययावत होता, त्या दिवशीची ती नवी फाइल त्याला ओळखता आली नाही. मागणी होती एका बिटकॉइनची, तेव्हाच्या भावाने सुमारे २८ हजार रुपये.

भाच्याने मामांना फोन केला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"टेम्प फोल्डर कुठं असतं रे?"

पलीकडे शांतता. टेम्प असतं ॲपडेटामध्ये, आणि तिथे ते लोकल फोल्डराच्याच आत असतं. भाच्याला हे माहीत होतं. त्याला कोणी परीक्षेत विचारलं असतं तर त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण एक ओळ लिहून तीन सॉफ्टवेअरना जागा करून देताना त्या जागेत आणखी कोण कोण राहतं याचा कागद त्याने काढला नव्हता.

तात्या रिक्षाने आले. तिजोरीतून त्यांनी सोनेतारणाच्या पिशव्यांमागे ठेवलेली हार्डडिस्क काढायला लावली. दर शनिवारी बॅकअप घ्यायचा, डिस्क संगणकापासून सोडवायची आणि तिजोरीत ठेवायची, ही त्यांची पद्धत भाच्याने इमानाने चालू ठेवली होती. तेवढ्याने संस्था वाचली. २६ तारखेचा शनिवार सुट्टीत गेल्यामुळे शेवटचा बॅकअप १९ मार्चचा होता. मधल्या दिवसांचं काम व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवरून आणि पिग्मी एजंटांच्या पावत्यांवरून पुन्हा भरावं लागलं. ३१ तारखेपर्यंत कोणी रात्री बाराच्या आत घरी गेलं नाही, आणि सर्वांत जास्त नोंदी अक्कांनी भरल्या. पैसे भरायचे नाहीत असं चेअरमननी पहिल्याच दिवशी ठरवलं. क्रिप्टोलॉकरची टोळी २०१४ मध्ये पोलिसांनी उधळल्यावर त्याच्या किल्ल्या लोकांना फुकट मिळाल्या होत्या, तसं लॉकीचंही होईल अशी आशा कोणीतरी बोलून दाखवली. तसं झालं नाही.

एप्रिलमधल्या संचालक मंडळाच्या सभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय होता अक्कांना कारणे दाखवा नोटीस.

भाचा उभा राहिला. "नोटीस मला द्या. नियम मी मोडला."

तात्याही आले होते, खुर्चीत बसूनच बोलले. "साहेब, नोटिशीआधी जरा आपल्या वॉचमनला बोलवा."

वॉचमन आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"रात्री आठनंतर मागच्या दारानं पोतं घेऊन माणूस निघाला तर तू अडवतोस का?"

"न्हाई जी."

"का?"

वॉचमनने एका संचालकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "साहेबांच्या खताच्या दुकानाची मानसं असत्यात. रोजच जात्यात. आपल्या दारानं त्यांना बोळ जवळ पडतोय."

"सुरुवातीला विचारायचास?"

"इचारायचो की. मग तेच हसाय लागलं. आता कोन गेलं तरी वाटतं त्यांचंच."

सभागृहात कोणी काही बोललं नाही. ज्यांच्या दुकानाची ती पोती होती ते संचालक समोरचा कागद सरळ करत राहिले.

"त्या संचालकसाहेबांच्या माणसांनी काही चोरलं का? नाही," तात्या म्हणाले. "सज्जन माणसं आहेत. पण रोज मागल्या दारानं जाऊन त्यांनी वहिवाट पाडली. आता उद्या चोर पोतं घेऊन गेला तर हा गडी त्याला ओळखणार कसा? आमच्या या पोरानं दार उघडलं, खरं आहे. पण त्याला ते उघडायला लावलं तीन चांगल्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरनी. त्यांना पुढच्या दारानं यायचा कंटाळा होता. पुढच्या दारी परवानगी मागावी लागते, कुणीतरी दोन प्रश्न विचारतं. ते टाळायला ते चोरांच्याच जागेत राहायला गेले, आणि त्यांना आत घ्यायचं तर चोरालाही मोकळीक द्यावी लागते."

संचालकांमध्ये एक निवृत्त अभियंता होते. त्यांनी शंका काढली, आणि शंका रास्त होती. "पण तात्या, परवानगीची वाट न पाहता सॉफ्टवेअर आपलं आपण सुधारतं, हे चांगलं नाही का? जुन्या आवृत्तीतली भोकं लवकर बुजतात."

"चांगलंच आहे, साहेब. जुनं सॉफ्टवेअर तसंच ठेवणं हाही धोकाच. पण त्याला दुसरा रस्ता आहे. फायरफॉक्सनं २०१२ पासून अशी सोय केली की बसवताना एकदा परवानगी द्यायची, पुढच्या सुधारणा त्याची सेवा प्रोग्रॅम फाइल्समध्येच करते, रोज पासवर्ड मागत नाही. क्रोमचंही तसंच. म्हणजे करता येतं. करायचं मनात हवं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकताना मॅनेजरसाहेबांनी प्रथमच वही उघडली. वापरकर्त्याच्या फोल्डरात राहणारं सॉफ्टवेअर स्वतःही असुरक्षित असतं. विंडोजमध्ये एक्सई चालू झाली की तिला लागणाऱ्या डीएलएल नावाच्या मदतनीस फायली ती सहसा आधी आपल्या शेजारीच शोधते. फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर तिथे कोणी साधा वापरकर्ता परकी डीएलएल आणून ठेवू शकत नाही. ॲपडेटामध्ये मात्र त्या वापरकर्त्याच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ती ठेवू शकतो, खरी फाइल काढून खोटी बसवू शकतो. मग रोज सकाळी आपण विश्वासाने जे चिन्ह दाबतो ते परक्याचं काम करू लागतं. एक्सईवर कंपनीची सही असते, ती तशीच शाबूत राहते, आणि सही पाहून सोडणाऱ्या पहारेकऱ्याला काहीच संशय येत नाही. हेरगिरी करणाऱ्या टोळ्या ही युक्ती वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत.

अक्कांची नोटीस मागे घेतली गेली. बोळाकडच्या दाराला आतून कुलूप लागलं, त्याची किल्ली मॅनेजरसाहेबांच्या टेबलात गेली. भाच्याने ती एक ओळ पुसली, आणि वर्डमध्ये मॅक्रो बंद केले. तिन्ही सॉफ्टवेअरवाल्यांना संस्थेने लेटरहेडवर पत्र लिहिलं, की सर्व वापरकर्त्यांसाठी प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसणारा सेटअप द्यावा. एकाने कळवलं की तो आधीपासूनच आहे, फक्त संकेतस्थळाच्या आतल्या पानावर दडलेला आहे. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही, संस्थेने ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि कोणालाही त्याची आठवण झाली नाही. तिसरं फेडरेशनचं. त्या कंपनीने लिहिलं की तसा विचार नाही. चेअरमननी त्यासाठी एक जुना लॅपटॉप नेमून दिला. संस्थेच्या नेटवर्कला तो जोडायचा नाही, त्यावर सभासदाचा एकही कागद ठेवायचा नाही, फक्त बैठकीपुरता उघडायचा. मॅनेजरसाहेबांना उठून लॅपटॉपच्या खोलीत जावं लागतं, ते जातात.

मे महिन्यात मंत्रालयातल्या संगणकांमध्ये लॉकी शिरल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा चेअरमननी तात्यांना फोन करून एवढंच विचारलं, "आपलं कुलूप आहे ना?" तात्यांनी फोन भाच्याकडे दिला. भाच्याने त्या सोमवारची नोंदवही वाचून दाखवली. टेम्पमधून चालू पाहणाऱ्या दोन फायली शुक्रवारी अडवल्या गेल्या होत्या.

मोठ्या कंपन्यांनाही हे हळूहळूच पटतं. मायक्रोसॉफ्टचं जुनं टीम्स वर्षानुवर्षं प्रत्येक वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये राहत होतं. २०२३ मध्ये आलेलं नवं टीम्स प्रोग्रॅम फाइल्समधल्या संरक्षित फोल्डरात बसतं. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फायलींमधले मॅक्रो त्याच कंपनीने २०२२ पासून आपण होऊन अडवायला सुरुवात केली.

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आणि परदेशात बसून सॉफ्टवेअर लिहिणारे कितीतरी मराठी हात हे वाचत असतील. त्यांना एक विनंती आहे. तुमच्या सेटअपमध्ये 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय ठेवा, तो पहिल्या पानावर दिसेल असा ठेवा, आणि तुमचा कोड प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसू द्या. त्यासाठी एकदा पासवर्ड विचारावा लागला तर खुशाल विचारा. आणि ज्यांच्या हाती एखाद्या कार्यालयाच्या चाव्या आहेत त्यांनी आज घरी जाण्याआधी आपल्या अपवादांची यादी उघडून प्रत्येक ओळीखाली आणखी कोणकोणते फोल्डर येतात ते कागदावर काढून पाहावं.